विस्तारकार्याचा पेशा : एक प्रस्तावना

खेड्यातील तरुणांच्या विकासाचे आणि प्रौढांच्या लोकशिक्षणाचे काम हा एखाद्या सुशिक्षित माणसाने आयुष्यभर करावयाचा पेशा असू शकतो, ही कल्पना आपल्याकडे अजून पुरतेपणी रुजलेली नाही. मुलगा कृषी महाविद्यालयाची पदवी घेऊन बाहेर पडला म्हणजे तो स्पर्धा परीक्षेला बसेल, नाहीतर बियाण्यांच्या वा औषधांच्या कंपनीत विक्रीचे काम पाहील, असे घरची माणसे धरून चालतात. आणि कृषी सहायक, ग्रामसेवक किंवा एखाद्या संस्थेचा क्षेत्रकार्यकर्ता म्हणून त्याची नेमणूक झालीच, तर पुढची मोठी जागा मिळेपर्यंतचा हा मुक्काम आहे अशी स्वतःची समजूत घालून घेतात. ही समजूत त्या तरुणाच्याही मनात मुरते, आणि ज्या गावात त्याने पाय रोवून उभे राहावयाचे त्या गावाकडे तो उताराच्या वाटेवरच्या धर्मशाळेसारखा पाहू लागतो. प्रस्तुत पुस्तक ज्या वाचकांसाठी सिद्ध झाले आहे, त्यांच्यापैकी कित्येक आज नेमक्या याच द्विधा मनःस्थितीत असतील. म्हणून विस्तारकार्य हे मूलतः कोणत्या जातीचे काम आहे, ते कसे घडले आणि कोठे बिघडले, याचा विचार पुस्तकाच्या दाराशीच करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

माझा अभिप्राय प्रथमच स्पष्ट सांगतो. विस्तारक हा शिक्षक आहे. शासकीय योजनेचा वाटप-अधिकारी तो नव्हे, निरोप पोचविणारा जासूद तर नव्हेच. परंतु शाळेतल्या शिक्षकाला जे आधार आपोआप लाभतात, ते विस्तारकाला एकही लाभत नाहीत. शाळेत हजेरीपट असतो, नेमलेला अभ्यासक्रम असतो, वर्षाअखेर परीक्षेचा धाक असतो. विस्तारकाच्या विद्यार्थ्यावर मात्र येण्याची सक्ती नसते, ऐकण्याची नसते आणि ऐकलेले आचरणात आणण्याची तर मुळीच नसते. हा विद्यार्थी बहुधा वयाने शिक्षकाहून मोठा, आपल्या धंद्यात मुरलेला, स्वतःच्या नाहीतर सावकाराच्या पैशावर शेती करणारा खातेदार असतो. दिलेला सल्ला चुकला तर पीक त्याचे जाते, कर्ज त्याच्या माथ्यावर राहते. सल्ला देणाऱ्याचा पगार मात्र पहिल्या तारखेस ठरल्याप्रमाणे जमा होतो. ही विषमता ज्याच्या ध्यानात अहोरात्र राहते, तोच या पेशात विश्वासास पात्र ठरतो.

या पेशाला आजचे स्वरूप अमेरिकेत आले, आणि तेही एका संकटाच्या पोटी. तेथे १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रांतोप्रांती शेतकी महाविद्यालये निघाली होती, १८८७ च्या हॅच कायद्याने प्रयोगकेंद्रेही उभी राहिली होती. पण महाविद्यालयाच्या आवारात सिद्ध झालेले ज्ञान कुंपण ओलांडून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जात नव्हते. सीमन नॅप नावाच्या सत्तरीच्या घरात पोचलेल्या एका अनुभवी गृहस्थाने १९०३ साली टेक्सासमधील टेरेल या गावी निराळीच रीत अवलंबिली. सरकारी आदर्श शेत न उभारता त्याने वॉल्टर पोर्टर नावाच्या एका स्थानिक शेतकऱ्याच्या जमिनीचा तुकडा निवडला. मेहनत शेतकऱ्याची, औते शेतकऱ्याची, फक्त पद्धत नॅपने सांगितलेली. तोटा आल्यास भरून देण्यासाठी गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणीचा निधी अलग काढून ठेवला होता. हंगाम संपला तेव्हा त्या निधीला हात लावण्याची वेळच आली नाही. त्या सुमारास कपाशीचे बोंड पोखरणाऱ्या सोंड्याने दक्षिणेकडचे प्रांत हैराण केले होते, म्हणून केंद्र सरकारने नॅपच्या या रीतीला पैसा पुरविला, आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिला कायमची घडी बसवून दिली. सरकारी शेतावरचे भरघोस पीक पाहून शेतकरी म्हणतो की सरकारच्या खजिन्याला काय कमी. शेजाऱ्याच्या शेतावरचे पीक पाहून मात्र तो गप्प होतो आणि घरी जाऊन हिशेब करू लागतो. मनुष्यस्वभावाची ही परीक्षा नॅपला होती.

त्याच काळात या चळवळीच्या दुसऱ्या अंगाचा, म्हणजे ग्रामीण युवक-विकासाचा, पाया घातला गेला. ओहायो प्रांतात ए. बी. ग्रॅहॅम या शाळाधिकाऱ्याने १९०२ साली मुलामुलींचे मंडळ काढून त्यांना मका, भाजीपाला आणि मातीची परीक्षा यांचे छोटे प्रयोग नेमून दिले. हेच बीज पुढे ‘फोर-एच’ या नावाने देशभर वाढले. बाप नवे बियाणे पेरावयास तयार नसे, पण मुलाला घरच्या शेतातला एक एकर खेळ म्हणून देण्यास त्याची हरकत नसे; आणि खळ्यावर माप झाले म्हणजे मुलाचा मका बापाच्या मक्यापेक्षा अधिक भरे. १९१० साली दक्षिण कॅरोलिनातील एका पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेल मका पिकवून दाखविला, तेव्हा त्याची वार्ता दूरवर गेली. मुलांच्या मार्फत बापांना शिकवावे असा हा डाव होता असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु त्यात त्या मुलाला स्वतःचे एक खाते, स्वतःचा एक हिशेब आणि गावात स्वतःची एक इभ्रत मिळाली, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. खेड्यातल्या तरुणाला बहुधा सगळे काही मिळते, परंतु निर्णय घेण्याचा अधिकार मिळत नाही. तो वडिलांच्या शेतावरचा बिनपगारी गडी असतो. युवक-विकासाचे काम येथूनच सुरू व्हावयास हवे. अमेरिकेच्या या इतिहासाचा एक काळा पदरही आहे, तो झाकून चालणार नाही: दक्षिणेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ही सेवा वेगळी आणि तोकडी ठेवली गेली. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे मराठी घराघरांत परिचित झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या कल्पनेतून १९०६ साली टस्कगीहून घोड्याची एक गाडी निघाली, तिच्यावर अवजारे, बियाणी आणि खते लादलेली असत, आणि थॉमस कॅम्पबेल ती गाडी घेऊन वस्त्यावस्त्यांवर शिकवीत हिंडत. ज्याच्यापर्यंत कोणी जात नाही त्याच्यापर्यंत प्रथम जावे, हा या पेशाचा दंडक त्या गाडीने घालून दिला.

आपल्याकडील परिस्थिती याहून निराळी होती. आपल्या रयतेने शतकानुशतके सरकारी माणूस पाहिला तो जमाबंदीसाठी आलेला, मोजणीसाठी आलेला, तगाईची वसुली करावयास आलेला; मामलेदार कचेरीतून येणारा इसम काही नेण्यासाठीच येतो, अशी गावाची पक्की धारणा होती आणि ती निराधार नव्हती. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना महात्मा फुल्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, पिकांची प्रदर्शने भरवावीत, औते हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, अशा सूचना केल्या. अमेरिकेतली मुलांची मंडळे निघण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधीचे हे विचार आहेत. त्या वेळच्या सरकारने ते मनावर घेतले असते, तर विस्तारशिक्षणाच्या इतिहासात पुणे जिल्ह्याचे नाव टेक्सासच्या आधी आले असते, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. पुढे १९२२ मध्ये रवींद्रनाथांनी लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साह्याने श्रीनिकेतन उभे केले, आणि १९३६ पासून सेवाग्रामात गांधीजींनी ग्रामसेवेला जीवननिष्ठेचे स्वरूप दिले. परंतु या साऱ्या प्रयत्नांचा भर असामान्य व्यक्तींच्या तपश्चर्येवर होता. सामान्य वकुबाच्या, चांगल्या मनाच्या हजारो तरुणांना हे काम पगारी पेशा म्हणून करता यावे अशी व्यवस्था स्वातंत्र्यानंतरच निर्माण झाली.

त्या व्यवस्थेचा पहिला नमुना १९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात महेवा येथे अल्बर्ट मेयर यांनी घडविला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी सामूहिक विकास कार्यक्रमाचा देशभर प्रारंभ झाला. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. सुमारे शंभर गावांचा एक गट, त्यावर गटविकास अधिकारी, त्याच्या हाताखाली शेती, पशुसंवर्धन, सहकार इत्यादींचे विस्तार अधिकारी, आणि प्रत्यक्ष गावात पाच ते दहा खेड्यांमागे एक ग्रामसेवक, असा हा मनोरा होता. गावाच्या पायरीवर काही मागण्यासाठी नव्हे, तर काही सांगण्यासाठी सरकारी माणूस येऊन बसतो, हे दृश्य गावाने प्रथमच पाहिले. तथापि पाचच वर्षांनी, १९५७ मध्ये, बलवंतराय मेहता समितीने निर्वाळा दिला की या कार्यक्रमाने लोकांचा स्वतःचा पुढाकार जागा केलेला नाही, आणि तो जागा व्हावयाचा तर सत्ता लोकनियुक्त संस्थांकडे सोपविली पाहिजे. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, आणि विस्तारसेवा त्यांच्या छायेत गेली.

येथून जे घडले ते लोकशाहीच्या दृष्टीने इष्ट असले, तरी विस्तारकाच्या शिक्षकपणाला ते मानवले नाही. ग्रामसेवक ग्रामपंचायतीचा सचिव झाला. घरपट्टीची वसुली, दाखले, सभांची इतिवृत्ते, निवडणुकीची कामे, गणना आणि पाहण्या यांनी त्याचे दिवस व्यापले. शेतीची बाजू स्वतंत्र कृषी खात्याकडे राहिली. १९७० नंतरच्या दशकात डॅनियल बेनॉर यांनी आखलेली प्रशिक्षण व भेट योजना आली. तिने विस्तारकाला इतर कामांतून सोडवून ठरल्या पंधरवड्याला ठरल्या गावी जाण्याची शिस्त लावली, हा तिचा गुण, आणि वरून ठरलेला एकच संदेश कोरडवाहू आणि बागायती, मुरमाड आणि काळ्या अशा सगळ्या जमिनींवर सारखा वाचून दाखविला, हा तिचा दोष. पुढे योजना बदलत गेल्या, परंतु लक्ष्यांक, लाभार्थ्यांची यादी, छायाचित्रासह अहवाल, आणि आता भ्रमणध्वनीवरून भरावयाची माहिती, यांचा बोजा उतरला नाही. शिक्षकाचा कारकून झाला, ही या पेशाची खरी शोकान्तिका होय. तिचा दोष मी त्या गरीब कर्मचाऱ्याला देत नाही. ज्याच्या कामाचे माप दप्तरातील रकान्यांवरून घेतले जाते, तो रकानेच भरील. शेतकऱ्याच्या डोक्यात काय बदलले याचा रकाना कोणत्याही नमुन्यात छापलेला नसतो.

आणि तरीसुद्धा याच व्यवस्थेत राहून अस्सल शिक्षणाचे काम करणारे लोक आजही आहेत. ते कसे करतात हे एका साध्या उदाहरणाने सांगण्याजोगे आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनचे बियाणे दर मृगाला विकत घेण्याचा परिपाठ पडला आहे. वास्तविक सोयाबीनच्या सरळ वाणाचे घरचे बियाणे पेरता येते. अडचण एवढीच की त्याचे टरफल नाजूक, मळणीच्या वेगाने किंवा पोत्यांच्या थप्पीखाली दाबले जाऊन ते फुटते आणि उगवण घटते. चांगला कृषी सहायक मे महिन्यात गावात जातो, पारावर दहा-पंधरा शेतकरी जमवितो आणि व्याख्यान देत नाही. तो ओले गोणपाट पसरतो, शेतकऱ्याच्याच पोत्यातले शंभर दाणे न निवडता, हाताला येतील तसे, दहाच्या दहा ओळींत मांडावयास लावतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावयास आणि रोज पाणी शिंपडावयास सांगतो. सहा-सात दिवसांनी गोणपाट उलगडावयाचे ते शेतकऱ्यानेच, आणि मोड मोजावयाचे तेही त्यानेच. सत्तर वा अधिक उगवले तर शिफारशीच्या प्रमाणात पेरावे, त्याहून कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे, आणि फारच कमी उगवले तर ते दाणे विकून टाकावेत. या सगळ्या उपद्व्यापाला खर्च नाही, अनुदान नाही, उद्घाटन नाही; म्हणून अहवालात तो फार शोभत नाही. पण ज्या शेतकऱ्याने एकदा स्वतःच्या हाताने मोड मोजले, तो पुढच्या वर्षी कोणाची वाट पाहत नाही, आणि दुकानातून आणलेल्या पिशवीतलेही शंभर दाणे मोजून पाहतो. विस्तारकाची गरज त्या एका बाबतीत संपली. आपली गरज अशी एकेका बाबतीत संपवीत जाणे हेच या पेशातले कसब आहे, आणि योजनांच्या वाटपाने नेमके याच्या उलट घडते.

तरुणांच्या बाबतीत हेच तत्त्व अधिक धाडसाने राबविले ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. मोठ्या उद्योगातील संशोधनाची मानाची जागा सोडून त्यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली, घरच्यांनी ‘डोके चालत नाही’ म्हणून सोडून दिलेली मुले तेथे लोहारकाम, सुतारकाम, विजेची जोडणी, शेती, पशुपालन, आरोग्याच्या प्राथमिक तपासण्या असे सारे काम करता करता शिकत, आणि ते काम गावाला उपयोगी पडणारे, गाव ज्याचे पैसे देईल असे असावे हा तेथला नियम होता. जमिनीचा विद्युतरोध मोजून भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेणे हे काम भूगर्भशास्त्रज्ञाचे समजले जाई. पाबळची मुले ते शिकली आणि विहिरींच्या जागा पाहून देऊन पैसे मिळवू लागली. गणितात नापास झालेला मुलगा रोधाचे आलेख काढतो, तेव्हा नापास कोण झाले होते, मुलगा की शाळा, हा प्रश्न मला टाळता येत नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून ‘कमवा व शिका’ या मंत्रावर जी पिढी उभी केली, तिचाच हा तंत्रयुगातला वारसा म्हणावा लागेल. याउलट गारगोटीच्या मौनी विद्यापीठासारख्या संस्थांत १९५६ नंतर ग्रामीण सेवेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यामागे जे. पी. नाईकांसारख्यांची दृष्टी होती. परंतु समाजाने आणि नोकरभरतीने सामान्य पदवीलाच मान दिला, आणि तो प्रयोग हळूहळू रूढ महाविद्यालयाच्या वळणावर गेला.

स्त्रियांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निवडून ठेवलेले बियाणे सांभाळणारी, खुरपणारी, कापूस वेचणारी, शेळ्या-कोंबड्या वाढविणारी बाई. आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, म्हणून सभेचे निमंत्रणही पुरुषाला, हा प्रकार विस्तारसेवेत फार दिवस चालला. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी प्रथम तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि मागाहून महिला मंडळे बांधली, आणि अक्षरओळखही नसलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बायका बाळंतपणे आणि बालकांचे अतिसार ज्या आत्मविश्वासाने हाताळू लागल्या, तो पाहिल्यावर ज्ञान देण्यासाठी समोरच्याची पदवी पाहावी लागते या भ्रमाला जागा उरत नाही. आज ‘उमेद’ अभियानातील कृषीसखी आणि पशुसखी त्याच वाटेने चालल्या आहेत, आणि माझ्या मते विस्तारकार्याचे भवितव्य पुष्कळसे त्यांच्या हाती आहे.

पेशात शिरण्याच्या वाटा कोणत्या, त्यांना पात्रता काय लागते, हे पुस्तकात विस्ताराने आलेच आहे. येथे केवळ दिशा दाखवितो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांत विस्तारशिक्षण हा पदव्युत्तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे, आणि परभणीस सामुदायिक विज्ञानाचे महाविद्यालय आहे. राज्याच्या कृषी खात्यातील आणि जिल्हा परिषदांतील जागा, कृषी विज्ञान केंद्रांतील विषय विशेषज्ञांच्या जागा (१९७४ साली पाँडिचेरीस पहिले केंद्र निघाले, आता देशात ७०० हून अधिक आहेत), आणि मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांतील जागा, हे ठळक मार्ग होत. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही आता गावात राहून शिकविणारी माणसे हवी आहेत. पगारात तफावत आहे, आणि संस्थांतील नोकरी देणगीदारांच्या मुदतीवर अवलंबून असते, हे उमेदवाराने डोळे उघडे ठेवून समजून घ्यावे. घरसंसार करावयाचा आहे त्याने या गोष्टी विचारण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही.

पात्रतेच्या दाखल्यावर न लिहिली जाणारी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. गाव एकजिनसी नसते. विस्तारकाची गाडी बहुधा सरपंचाच्या ओट्याशी थांबते, चहा तेथेच होतो, प्रात्यक्षिकाचा प्लॉटही रस्त्याकडेच्या मोठ्या खातेदाराच्या शेतात घेतला जातो, कारण साहेबांना तो गाडीतून दिसतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीत, पारधी तांड्यावर, डोंगरातल्या ठाकरवाडीत त्याचे पाऊल पडत नाही. आणि ज्यांना ज्ञानाची निकड सर्वांत अधिक, ते त्याच्या अहवालात केवळ टक्केवारी होऊन राहतात. प्रात्यक्षिक कोणाच्या शेतात घ्यावयाचे, हा निर्णय विस्तारकाच्या हातात असतो, वरिष्ठांच्या परिपत्रकातही तो पुष्कळदा मोकळा सोडलेला असतो. त्या एका निर्णयावरून माणसाची पारख मी करीन.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात धाडतात, आणि गाव त्यांना कृषीदूत, कृषीकन्या म्हणून ओळखते. योजना उत्तम आहे. परंतु माती परीक्षणाचे एक छायाचित्र, बीजप्रक्रियेचे दुसरे आणि वर्तमानपत्रातले कात्रण एवढ्यावर ती पुष्कळ ठिकाणी उरकली जाते. ज्या वाचकाला या पेशात यावयाचे आहे, त्याला माझी विनंती आहे की कोणत्याही जागेसाठी अर्ज करण्यापूर्वी त्याने एक खरीप हंगाम, पेरणीपासून मळणीपर्यंत, एखाद्या कोरडवाहू गावात लहान शेतकऱ्याच्या घरी राहून काढावा. तेथे काही शिकवू नये, पडेल ते काम करावे, आणि त्या घरातील तरुण मुलाला वा मुलीला स्वतःचे काय करावेसे वाटते ते ऐकून घ्यावे. त्यानंतरही हे काम करावेसे वाटले, तर त्याने ते निःशंकपणे पत्करावे. महाराष्ट्राच्या खेड्यांना अशा माणसांची गरज आहे, आणि जागा रिकाम्या आहेत.